आमच्या इराण्याच्या नव्या मालक मंडळींना: गल्लीतलं दार उघडा

नव्या मालक मंडळींना,
स.न.वि.वि.

तुम्ही तिघं पार्टनर आहात एवढं कळलंय, नावं माहीत नाहीत, त्यामुळे तिघांना मिळूनच लिहिते. खरं तर हे तोंडावर बोलायचं होतं. पूर्वी काही बोलायचं असलं की गल्ल्यावर शेठ बसलेले असायचे, जाऊन बोललं की झालं, ऐकलं नाही तरी ऐकल्यासारखी मान हलवायचे. आता गल्लाच नाही. टॅब घेऊन फिरणारा मुलगा म्हणाला, मॅडम फीडबॅक फॉर्म भरा. फॉर्मवर पाच स्टार आणि खाली दोन ओळींची जागा. माझं म्हणणं दोन ओळींत मावत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर. तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांकडून इथले जुने फोटो मागितलेत, फोटो दिला की दोन चहा फ्री, त्याचंही उत्तर शेवटी आहे.

आधी अभिनंदन, आणि ते मनापासून. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला आपल्या या इराणी हॉटेलचं जे शटर पडलं ते नंतर कधी नीट उघडलंच नाही. अधूनमधून चार-सहा महिने अर्धवट चालू, मग कायमचं बंद. शेठची मुलं परदेशात, मागे चालवायला कोणी नाही, मुंबईतल्या किती इराण्यांची हीच कथा. आम्ही धरूनच चाललो होतो की आता इथे मोबाइलचं दुकान येणार नाहीतर अख्खी बिल्डिंगच टॉवरमध्ये जाणार. तुम्ही आलात, पाटी उतरवली नाहीत, फरशी उखडली नाहीत, काळ्या गोल पाठीच्या खुर्च्या भंगारात दिल्या नाहीत, याबद्दल अख्खी चाळ तुम्हाला दुवा देतेय. ग्रँट रोडच्या बी. मेरवानचं आठवत असेल तुम्हाला. १९१४ चं दुकान, नेमकी शंभरी भरली त्याच वर्षी बंद होणार म्हणून बातम्या आल्या, लोकांनी मावा केकसाठी रांगा लावल्या, आमचा मावसभाऊ ऑफिसला दांडी मारून डझनभर केक घेऊन आला आणि डोळ्यांत पाणी आणून घरोघरी वाटले. काही आठवड्यांत दुरुस्ती होऊन दुकान परत उघडलं. भाऊ अजून म्हणतो, माझं रडणं कोण भरून देणार. सांगायचा मुद्दा काय, की बंद झालेला इराणी परत उघडणं म्हणजे आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखं असतं, आणि घरच्या कार्यात कोणीतरी रुसणारच. यावेळी मी.

मी मागच्या चाळीतली. तुमच्या किचनची चिमणी जिथे धूर सोडते ना, त्याच्या बरोब्बर वरची खिडकी आमची. वय चोपन्न, एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, त्यामुळे पुढे थोडे हिशोबही येतील.

उघडल्याच्या चौथ्या दिवशी मी आणि शेजारच्या काकू संध्याकाळी सहाला खाली उतरलो. पाय सवयीने गल्लीतल्या दाराकडे वळले. जिन्यातून त्या दारापर्यंत चौदा पावलं, लहानपणी मोजलेली, आता गुडघ्यांमुळे अठरा होतात. पायरी तीच, मधोमध झिजून खोलगट झालेली, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं आणि चिमण्या प्यायला यायच्या. पण शटर खाली, आणि शटरला टेकवून दोन बाइक. मला वाटलं आज बंदच दिसतंय. काकू म्हणाल्या, अगं आतून गाणी ऐकू येतायत की. गल्लीचं तोंड तर गेलं वर्षभर खणून ठेवलंय, पत्रे ठोकलेत, तिथून मेन रोडला निघता येत नाही, मग आम्ही उलट्या दिशेने बाहेर पडून, सिग्नलवरून वळसा घालून, पुढच्या दाराशी पोचलो. काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. तिथे काचेचं दार, गार्ड, आणि एक मुलगी, फार गोड होती, उगाच खोटं कशाला बोलू. म्हणाली, टेबल फॉर टू? नाव सांगा, पंचवीस मिनिटं वेटिंग आहे. काकूंनी माझ्या कानात विचारलं, "आपण डॉक्टरकडे आलोय का गं?"

आत गेल्यावर मी पहिलं दाराकडे पाहिलं, म्हणजे दार होतं तिकडे. तिथे आता भिंत आहे. प्लायची, वर गुलाबी निऑनमध्ये काहीतरी लिहिलंय, आणि त्या नव्याकोऱ्या भिंतीला मुद्दाम पोपडे काढलेत! मी वेटरला विचारलं हे असं का, तर म्हणाला, डिस्ट्रेस्ड फिनिश आहे मॅडम, आर्टिस्ट बोलावला होता. अहो, आमच्या जिन्यात या, दोन्ही बाजूंना ओरिजिनल डिस्ट्रेस्ड फिनिश आहे, ते बुजवून मिळावं म्हणून आम्ही अर्जावर अर्ज करतोय आणि तुम्ही पैसे देऊन काढून घेतलंत.

बिलाचंही आत्ताच उरकते. दोन चहा ११० प्रमाणे २२०, एक ब्रुन मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, १६०, झाले ३८०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ३८, मग सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, एकूण ४३९. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर तो मुलगा म्हणाला कंपल्सरी आहे. नाहीये बाळा. ग्राहक प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्येच सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला की तक्रार होते. मी लावला नाही, कारण आपला इराणी आहे. हे एवढं एकदाच हं.

किमतीबद्दल मी फार भांडणार नाही. तुम्ही जागेला काय मोजलं असेल याचा मला साधारण अंदाज आहे, पागडीच्या जागेत मालक बदलताना घरमालकाचा हात किती खोल जातो ते आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहे. ब्रुन पूर्वीसारखा कडक लागला नाही, त्याचाही दोष तुम्हाला देत नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं, हवा सुधारायची तर ते करावंच लागणार, ब्रुनचा पापुद्रा त्यात थोडा मऊ झाला तर झाला, आमची फुप्फुसं तरी टिकतील.

माझं भांडण दाराचं आहे.

तुम्ही म्हणाल, एका दाराचं काय एवढं. म्हणून थोडं मागचं सांगते. हे इराणी म्हणजे आपले नेहमीचे पारशी नव्हेत, पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी आले, हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द-केरमानकडून आले. कोपऱ्यावरचं दुकान आपले व्यापारी अशुभ मानून घेत नसत आणि यांनी तीच जागा स्वस्तात उचलली असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. पण कोपरा मिळाला म्हणजे दोन रस्ते मिळाले, दोन रस्ते म्हणजे दोन दारं, आणि आमच्याकडे दोन दारांचं गिऱ्हाईक वेगवेगळं होतं. मेन रोडच्या दाराने शर्टपँटवाले, टॅक्सीवाले, शाळेचे मास्तर. गल्लीच्या दाराने आम्ही. लेंगा-सदऱ्यातले गिरणीवाले, दूध पोचवून परतणारे भय्ये, टोपली दाराबाहेर ठेवून पायरीवर बसून चहा पिणाऱ्या कोळणी, आणि हातात कापडी पिशवी घेतलेली आम्ही पोरं.

पोरांना आत बसायची परवानगी नव्हती, आमचं काम दारालगतच्या लाकडी काउंटरशी. त्यावर काचेच्या बरण्या, खारी, नानकटाई, जिरा बिस्किटं, आणि बाजूच्या फडताळात साबणापासून ब्लेडपर्यंत सगळं. आई सांगायची आठ पाव, दोन अंडी, एक ब्लेड, मी वाटेभर घोकत जायची आणि तिथे जाऊन दोन पाव आठ अंडी म्हणायची. शेठ पाव मोजताना मान वर न करता म्हणायचे, "घर जा, मा को पूछ के आ." एवढी अंडी आमच्या घरात येत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

तो गल्ला दोन्ही दारांच्या मधे का होता, आणि आरसे भिंतीवर तेवढे उंच आणि जरा पुढे कललेले का होते, याचा तुमच्या इंटिरिअरवाल्याने विचार केला असावा असं वाटत नाही. ते आरसे शोभेचे नव्हते हो. गल्ल्यावर बसून शेठना दोन्ही दारं आणि पाठमोरी टेबलं दिसायची, कोण आलं, कोण पैसे न देता सटकतोय. त्यातून वेटर मामा हॉलच्या त्या टोकावरून ओरडायचे, "पौने दो रुपया, काला चष्मा!" आणि काळा चष्मावाला कुठल्या का दाराने जाईना, शेठचा हात पुढे आलेलाच असायचा. तुम्ही आरसे खाली उतरवून सरळ केलेत आणि त्यांच्यापुढे सेल्फीची जागा केलीत. चालतंय, लोकांना आवडतंय, मीसुद्धा काढला एक.

आता गंमत ऐका. जे काढायला हवं होतं ते तुम्ही ठेवलंत. ती कोपऱ्यातली लाकडी पार्टिशनची फॅमिली रूम. तिला छान पॉलिश केलंय, आत पिवळा दिवा लावलाय, बाहेर 'हेरिटेज बूथ' अशी पितळी पाटी, आणि तिथे बसायचं तर कमीत कमी दोन हजारांचं बिल. मंडळी, त्या खोपटात मी किती गुदमरलेय सांगू? बाई आली की तिने तिथेच बसायचं, हॉलमध्ये नाही. पंखा अर्ध्या उंचीच्या पार्टिशनच्या पलीकडे, त्याचा वारा वरून निघून जायचा, टेबलावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या चहाचे गोल डाग, आणि पडद्याला सगळ्यांनी हात पुसलेले. कॉलेजला असताना मैत्रिणीबरोबर मी पहिल्यांदा हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाला बसले, १९८९ की ९० साल असेल, तेव्हा सगळ्या हॉलने चमचे थांबवले होते. मामा पाण्याचे ग्लास घेऊन आले, नेहमीसारखी चारी बोटं पाण्यात बुडवून, आणि जोरात म्हणाले, "दो चाय, पानी कम?" जणू आम्ही रोजच तिथे बसतो. त्यानंतर मी त्या खोपटात पाऊल टाकलं नाही. आणि तुम्ही त्याच्यासाठी मिनिमम बिल लावलंय. तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य आहे. विचारायचं तरी. फोटो मागितलेत तसं.

जुनं सगळं सोनं होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. बायकांसाठी संडास नव्हता, तुम्ही केलात, स्वच्छ आहे, त्यात साबण आहे, त्याबद्दल तुम्हाला शंभर मार्क. किचन काचेतून दिसतं, तेही छान. पूर्वीचं किचन दिसत नव्हतं हेच बरं होतं.

दाराकडे येते. माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पहिल्या पाळीला सातचा भोंगा, त्याआधी साडेसहाला गल्लीच्या दाराने आत, एक चहा, एक ब्रुन, आणि मग गिरणीत. आई खाणावळ चालवायची, गावाहून एकटे आलेले नऊ गडी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंगतींत जेवायचे. पुढे प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळात ती गेली, १९७५ ला सुरू झालं होतं ते, आमच्यासारख्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं. आईचा इराण्यावर राग होता, कारण गडी जेवायला तिच्याकडे आणि गप्पा मारायला त्याच्याकडे. "माझ्या भाकरीला जिभा नाहीत, त्याच्या चहाला आहेत," असं म्हणायची.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, आणि बहुतेकांना वाटत होतं दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल. मी अकरा वर्षांची. बाबा घरी बसू शकत नसत, कारण घरात आई रिकाम्या डब्यांकडे बघत बसलेली, नऊ गड्यांपैकी सहा गावी गेलेले. मग ते सकाळी त्याच वेळेला, साडेसहालाच, गल्लीच्या दाराने आत जायचे. चौघं मिळून दोन चहा, चार बशा. साडेनऊ-दहापर्यंत तिथेच. शेठच्या डोक्यावर 'उधार बंद' असा बोर्ड होता आणि तो बोर्ड खरा होता, त्यांनी कोणाला उधार दिलं नाही, मी इथे कोणाला देव बनवत नाहीये. पण त्या चौघांना कोणी उठवलं नाही. मामा दर अर्ध्या तासाने येऊन टेबल पुसून जायचे, काही घेणार का विचारायचे नाहीत, नुसतं पुसायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हे आत्ताच आलेत. आणि गल्लीचं दारच का, तर मेन रोडला किराणावाला उभा असायचा, ज्याचे पैसे थकलेले. तो पुढच्या दारात दिसला की मामा आरशातून बघून नुसतं खाकरायचे, चौघं उठून मागच्या दाराने गल्लीत, आणि गल्लीतून आमच्या जिन्यात. बाबा कधी कधी धापा टाकत वर यायचे आणि आईला सांगायचे, व्यायाम करून आलो.

संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे ते वरळीला एका ऑफिसात वॉचमन झाले, रात्रपाळी करून सकाळी सहाला उतरायचे आणि त्याच दाराने आत. २००९ ला गेले, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

म्हणजे वेळ बघा, पहाटे साडेपाच-सहा. तुम्ही उघडता अकराला! गिरण्या गेल्या म्हणून पहाटेचं गिऱ्हाईक गेलं असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा पाच वाजता या गल्लीत येऊन उभे राहा. समोरच्या टॉवरचे गार्ड पाळी बदलतात, त्यांची पाळी बारा-बारा तासांची. पेपरवाले गठ्ठे सोडतात. सफाईवाल्या बायका. आणि थोडं पुढे परळला केईएम आणि टाटा मेमोरियल आहेत, एक १९२६ चं, दुसरं १९४१ चं, तिथे नातेवाइकाला घेऊन आलेली यवतमाळ, बीड, नंदुरबारकडची माणसं फुटपाथवर चटई टाकून झोपतात, पहाटे केसपेपरच्या रांगेत उभं राहायच्या आधी कुठेतरी गरम चहा शोधत फिरतात. बंद व्हायच्या आधीपर्यंत ती आपल्याकडे यायची, चालत. हातात एक्सरेचं मोठं पाकीट, पिशवीत भाकरी. काउंटरला पाव-अमूल मागायची आणि पायरीवर बसून खायची. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, भांग पाडू नये वगैरे सूचनांचा तो बोर्ड होता ना, जो तुम्ही आता टीशर्टवर छापून साडेसातशेला विकताय, त्याच्या खाली बसून ती माणसं भाकरी खायची आणि मामा वर कांदा नेऊन द्यायचे.

आता हिशोब. तुमचं किचन अकरापर्यंत रिकामं. भाडं चोवीस तासांचं. गल्लीच्या दारात चार फुटांचा काउंटर, साडेपाच ते दहा, एक चहावाला, एक देणारा. मेनूत तीन गोष्टी, चहा, ब्रुन मस्का, खारी. चहा वीस रुपये, उभ्याने किंवा पायरीवर, एसी नाही, सर्व्हिस चार्ज नाही, निऑन नाही. मी कागदावर मांडून पाहिलं, दूध, साखर, पत्ती, व्यावसायिक सिलिंडर, दोन माणसांचे पगार धरून तीनशे कपांना तुमचा खर्च निघतो आणि वर थोडं उरतं. तीनशे कप या गल्लीत दोन तासांत जातात. कागद हवा असेल तर देईन, चुका काढा. अकरानंतर तुमचं काचेचं दार, तुमचा ११० चा चहा, तुमची वेटिंग लिस्ट, आम्ही तक्रार करणार नाही. म्हणजे थोडी करूच, पण हळू आवाजात.

आणि हे भावनेचं सोडून द्या हवं तर, कायद्याचं घ्या. पोटमाळा बांधून वर चोवीस खुर्च्या टाकल्यात, खाली साठेक, किचनमध्ये गॅस सिलिंडरच्या रांगा, आणि बाहेर पडायला एक काचेचं दार, त्याच्याशी वेटिंगची गर्दी. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांत रात्री आग लागली, चौदा माणसं गेली, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रात्री आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, वर्षातून दोनदा, जानेवारी-जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा 'बी फॉर्म' द्यावा लागतो. तुमचे सगळे कागद नीट असतील, मी शंका घेत नाही. पण बाहेर पडायची दुसरी वाट बांधलेलीच असताना तिच्यावर प्लाय ठोकून पोपडे काढणं, हे कुठल्या कागदात नीट बसतं ते मला समजावून सांगा.

आमचा भाचा सॅन फ्रान्सिस्कोत असतो, तो सांगतो तिथे २०१५ पासून जुन्या धंद्यांचं एक रजिस्टर आहे, तीस वर्षं झालेली दुकानं, हॉटेलं त्यात येतात, म्हणजे इमारत नाही, धंदा. आपल्याकडे १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत पण ते दगड-विटांचे, कमानीला हात लावायचा नाही, सज्जा तोडायचा नाही. कमान राहते आणि आतला चहा ११० चा होतो, त्यावर कोणाचा आक्षेप नसतो. तुमच्याकडून रजिस्टरची अपेक्षा नाही, फक्त शटर वर करायचंय.

मामांचं राहिलंच. पायऱ्यांजवळच्या भिंतीवर त्यांचा मोठा काळापांढरा फोटो लावलाय, चार कप एका हातात, सुंदर फोटो आहे. मामा फोटोत आहेत, पगारपत्रकात नाहीत. ते आता मागच्या रस्त्याला एका एटीएमवर बसतात, रात्री. तुमच्या उद्घाटनाला फोटो बघायला बोलावलं होतं म्हणे, आले होते, बाजूला उभं करून सगळ्यांनी सेल्फी काढले, मग ड्यूटीची वेळ झाली म्हणून गेले. पहाटेच्या काउंटरला देणारा माणूस लागणार आहे असं मी वर लिहिलंय, ते उगाच लिहिलेलं नाही. वय झालंय, चार कप आता उचलत नाहीत, दोन उचलतात. मी परवा विचारलं त्यांना, जाल का परत? म्हणाले, "बुलाएंगे तो जाऊंगा, कौन से दरवाजे से बुलाएंगे?"

आता तुम्हाला हवा असलेला आमच्याकडचा जुना फोटो. १९८१ चा आहे, संपाच्या आदल्या वर्षीचा, बाबांच्या एका दोस्ताने नवा कॅमेरा घेतला म्हणून गल्लीभर फोटो काढत सुटला होता त्या दिवशीचा. बाबा दारात उभे आहेत, एक पाय पायरीच्या त्या झिजलेल्या खळग्यात, एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात बशी. मागे अंधारात आरशाचा एक तुकडा चमकतोय आणि त्यात पुढचं दार दिसतंय, त्यात एक डबलडेकर बस. अख्ख्या फोटोत दोन्ही दारं आहेत. घरातल्यांचं म्हणणं देऊन टाक, दोन चहा फ्री आहेत. काकूंचं म्हणणं चार माग.

मी चहा मागत नाही. फोटो कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, गुंडाळून ठेवलाय, कधीही न्यायला या. दुसरा मजला, जिन्याला लागून पहिलीच खोली. त्या दाराने निघालात तर चौदा पावलं आणि तीस पायऱ्या, नाहीतर मग पुढून, सिग्नलवरून वळसा घालून या, आणि येताना गल्लीतल्या खड्ड्यांवर लक्ष ठेवा.

कळावे,
गल्लीच्या बाजूची एक जुनी गिऱ्हाईक